बाबांच्या तीनशे बारा नोंदी

हॅलो? …हां, बोल. अगं, मीच करणार होते तुला फोन. झालं! बाबांची कॉम्प्युटरवरची वही ज्यावर चालते, तो सर्व्हर नवीन बसवला मी… एकटीनं!

…हो, हो, तू रविवारी येऊन करणार होतीस. असे किती रविवार गेले तुझे? …अगं ऐक ना. स्क्रीनवरचे दोन्ही हिरवे दिवे लागलेत. वरचा पण, खालचा पण.

फक्त बाबांचं पान नीट येत नाहीये. म्हणजे मथळा येतो, 'मशीन दुरुस्तीची वही', आणि खाली एक इंग्रजी ओळ… थांब, चष्मा… 'अननोन डेटाबेस'. म्हणजे काय गं?

…हॅलो? जुन्याचं काय केलं म्हणतेस?

हो, जुना काढला ना आधी. अनइन्स्टॉल… मग? जुना भाग बाहेर काढायचा, जागा पुसायची, मग नवा बसवायचा. चाळीस वर्षं शिलाई मशीन उघडताना बघितलंय मी तुझ्या बाबांना. जुन्यावर नवं चढवलंय कधी त्यांनी?

…अगं, ओरडू नकोस. कॉपी घेतली होती! पेनड्राइव्हवर. तू दाखवलेलं ते फोल्डर, अख्खं. तेच परत आणून टाकलं… नाही, तेवढंच…

म्हणजे? …त्यात नुसती पानाची चौकट? आणि बाबांनी लिहिलेलं? …दुसऱ्या फोल्डरमध्ये. हे तू कधी सांगितलंस? …बरं. सांगितलं असशील.

हो… विचारलं होतं कॉम्प्युटरनं, 'सगळं काढू का?' म्हणून. मी हो म्हटलं.

…तीनशे बारा मशीनं गं. जेवण झालं की बसायचे, एका बोटानं टाइप करत. कुणाची सुई वाकते, कोण तेल देत नाही. मी म्हणायचे, कुणासाठी लिहिता हे? आणि ते जाऊन आठ महिने होत नाहीत तोवर मीच… अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

नाही, तू रडू नकोस. तू रडलीस तर मला सांगणार कोण?

…हां, बोल. कॉम्प्युटर लगेच बंद करायचा? का? …अच्छा. पुसलेलं अजून आत कुठंतरी असतं. त्यावर दुसरं काही लिहिलं जायच्या आत… दुकानात न्यायचा… मिळेलच असं नाही. बरं. कळलं.

करते बंद. आधी हा ब्राउझर… अगं, हा विचारतोय, दोन पानं उघडी आहेत, दोन्ही मिटू का? दोन कुठली? एक हे रिकामं, आणि दुसरं…

अगं! बाबांची वही! सकाळी जुना काढायच्या आधी उघडलेली, तशीच आहे. अक्षरं आहेत सगळी!

…नाही, नाही लावत हात. रिफ्रेश नाही, काही नाही. सोडला माउस.

…दहा. एक ते दहा दिसताहेत. बाकीच्या 'पुढे' दाबल्यावर… हो गं, दाबलं तर ह्याही जातील, नाही दाबत!

पहिली वाचू? 'नोंद एक. मशीन घरचं. तक्रार, टाका सुटतो. दोष मशीनमध्ये नाही. चालवणारी रागात असली की पाय जोरात मारते. सांगितलं तर आणखी रागावेल. पट्टा बदलून दिला. बोललो नाही.'

…

आहे, आहे मी. हसतेय की रडतेय, माझं मलाच कळत नाहीये. काय माणूस! तीनदा पट्टा बदलला गं त्यांनी. आणि दरवेळी मी ऐकवायचे, बघा, मशीनच खराब होतं की नाही!

…मग मला वही-पेन आणू दे. लिहूनच घेते… हं. उशीर होईल. बाकीच्या तीनशे दोन हातच्या जातील… खरंय तुझं. फोटो काढते. दहाही नोंदी नीट येऊ देत, मग लगेच शटडाउन. तू निघ तिथून. दुकानात आपण दोघी जाऊ.

हो. ह्याच फोननं काढायचेत, म्हणजे ठेवायला हवा…

नाही, तूच ठेव गं. मला आज काहीही बंद करायची भीती वाटतेय.