सोनूमामांची चरबी आणि देवाची पालखी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. या देहात फुकटचं, आयतं बसून खाणारं असं काय आहे? — चरबी! बघा, पुरुषांनी लगेच उपरण्यानं पोटं झाकली! अहो मृदंगबुवा, तुम्ही मृदंगामागं लपू नका, तो पुरायचा नाही!

तर कोकणातल्या एका गावात सोनू शिगवण नावाचे गृहस्थ. शिमग्यात देवाची पालखी खांद्यावर नाचवायची, हा त्यांचा जीव की प्राण! पण अंग सुटलं, धाप लागू लागली. मानकरी बाळाराम चारचौघांत म्हणाले, "सोन्या, तू कडेला ऱ्हा. देवाला पाडशील!" रडले हो सोनूमामा!

त्यांची भाची प्राची शहरात संशोधन करायची — जोराच्या मेहनतीनं चरबीत काय बदलतं, याचंच! म्हणाली, "मामा, आमच्या प्रयोगात येता?" गेले. पोटाची तेवढीच जागा बधिर करून सुईनं तिथली वाटाण्याएवढी चरबी काढली. मग डॉक्टर शेजारी उभे, आणि मामा सायकलवर! जीव खाऊन पायडल! जरा दम — पुन्हा जोर! घामाच्या धारा! मग परत तेवढीच चरबी काढली.

मामा तडक वजनकाट्यावर. काटा? जागचा हलला नाही!

"मढं हाय ही चरबी, मढं! नको ती पालखी!" — मामा गावी परत.

पुढं त्या आधीच्या-नंतरच्या चरबीची तपासणी झाली आणि प्राचीचा फोन आला. "मामा, मढं नाही ते! चरबीतली प्रथिनं, म्हणजे तिथले कामकरी, एका मेहनतीत बदलले! काही वाढले, काही घटले. साठा मोकळा करणारे कामाला लागले, रक्तातून अंगभर निरोप धाडणारे बदलले. काट्याला यातलं काय दिसणार?"

अरे देवा! मंडळी, मला तर शहारा आला! ज्याला आपण ओझं म्हणून शिव्या घातल्या, ते आत जागं! नुसती हाकेची वाट बघत बसलेलं! केवढी ही करणी!

मामा रोज डोंगराची चढण चढू लागले — डॉक्टरांना विचारून हो, उद्या माझं नाव सांगाल! बाळाराम ते येता-जाता बघत होते. शिमगा आला. मामांचं पोट होतंच, पण छातीत दम होता. बाळारामांनी स्वतःचा खांदा काढला. "सोन्या, ये. घे देवाला." आणि काय नाचली हो पालखी!

मघाशी चरबीला हसलात ना? मग सांगा — "हा काय कामाचा" म्हणत घरात कुणाला कडेला उभं केलंय? त्याला कधी हाक मारलीत? आज घरी गेल्यावर आधी त्याला हाक मारा. देव थांबेल तोवर.