शुभेच्छुक कोण?

—न्हाई इंद्रजित, तसं न्हाई चालत. फोटो दिलास, गॉगल घातलास, बुलेट कुणाची का असंना — हाय. मागं राजगड टाक म्हणतोस, टाकते. पण वाढदिवसाच्या फ्लेक्सला खाली शुभेच्छुक लागत्यात. कोण हायेत तुझे शुभेच्छुक? सांग की. का मनानंच माणसं घालू? सवताचा फ्लेक्स सवताच छापून घेणारा तू काय पहिला न्हाईस — निम्मा तालुका तसाच झळकतो, ह्या कॉम्प्युटरम्होरं बसलं की समदं कळतं. पण ते निदान चार टाळकी तरी गोळा करून आणत्यात. तू एकटाच आलास व्हय रं वरव्यावरनं?

मंडळ? तुझं मंडळ! अरं, गणपतीच्या फ्लेक्सवर तू का नव्हतास, ठाव हाय? जागा नव्हती म्हणून न्हाई. म्या बसवला हुता तुला, शेवटच्या ओळीत, गेनूच्या शेजारी. तुमच्या अध्यक्षानं, मानसिंगनं, मोबाईलवर बघितलं आन म्हनला, ह्याला उडव, हा कोण? हा कोण! आन तू त्याच फ्लेक्सच्या दोऱ्या बांधायला खांबावर चढलास. आपण कालिजात संगं हुतो तवा बी असाच हुतास — कबड्डीवाल्यांच्या पिशव्या सांभाळायच्या, त्यांनी थट्टा केली की आपणच पहिलं हसायचं. लाज कशी वाटत न्हाई? दुसऱ्यानं आपलं म्हणावं म्हणून किती वाकायचं माणसानं? दर बारीला बसवते मी तुला, आन दर बारीला ते उडवत्यात — का म्हंजे? जागा असती म्हणून. उगा अर्थ काढू नकोस.

आन फ्लेक्सवर येऊन तरी काय हुतं रं? सण सरला की त्यानंच कडबा झाकत्यात. पोरींना तर कोण लावतंय? बाई फ्लेक्सवर येती ती सरपंच झाली की, न्हाईतर मेली की. सरपंच झाली तरी नवऱ्याचं थोबाड तिच्यापरीस मोठं. आमच्या मोहल्ल्याचा ईदचा फ्लेक्स मीच करते — अब्बा, चाचा, आमचा अल्ताफ, त्याचे टवाळ दोस्त बी — समद्यांच्या तोंडावरचे डाग मी पुसायचे, आन माझं नाव? दुकानाचं असतं खाली बारीक. माझं न्हाई. मला काय फरक पडतो? काय बी न्हाई. मी काय तुझ्यासारखी भीक मागत फिरते?

आता बोल, नावं सांग. एक बी न्हाई? मग घरी जा, आईला ओवाळायला सांग, गप शिरा खा आन—

काय म्हनलास?

माझं? येडा हायेस काय! वरव्याच्या चौकात तुझा येवढा मोठा फोटो आन खाली एकच शुभेच्छुक — भोरच्या मोहल्ल्यातली सानिया? मानसिंगची पोरं तुला गावात ठेवतील? अब्बा मला घरात ठेवतील? म्हणं तुझं नाव टाक! कुणी शिकवलं रं तुला असलं बोलायला? आजवर मला कुणी — ऱ्हाऊ दे. ऊठ. न्हाई छापायचा मला तुझा फ्लेक्स. आन हिकडं काय बघतोस, स्क्रीनकडं? माझं नाव चुकून टाइप झालं. पुसतीये. थांब, पुसतीये म्हनलं ना — पुसलं. हां, मागचे भाऊ, तुमचं काय?