दहा एप्रिलच्या यादीतला जूनचा पेन ड्राइव्ह

जबाब देणार: संगणक दुरुस्ती दुकानाची मालकीण, वय ४९ वर्षे, धंदा वरीलप्रमाणे, राहणार दुकानाच्याच माडीवर.

मी समक्ष हजर राहून, कोणाच्या दबावाशिवाय सांगते की, प्रशिक्षण संस्थेच्या बारा संगणकांच्या देखभालीचे कंत्राट ज्याच्याकडे आहे तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. हे आधीच सांगते, नंतर कोणी उकरून काढायला नको.

एप्रिलमध्ये सदर संगणक साफसफाईसाठी भावाच्या दुकानात गेले व दहा तारखेला परत आले. जुलैमध्ये ते रखडू लागले तेव्हा प्रत्येकातली निम्मी रॅम, म्हणजे दोनपैकी एक पट्टी, गायब असल्याचे कळले. खोलीची किल्ली संस्थेच्या शिपायाकडे, म्हणजे परिचरांकडे असते, म्हणून चोर परिचर, असा निष्कर्ष प्राचार्यांनी चहा संपायच्या आत काढला. परिचरांच्या निवृत्तीला सात महिने उरले आहेत. चोरी अंगाला चिकटली तर नोकरीही जाईल आणि निवृत्तिवेतनही.

संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतो, आतल्या डिस्कला हात लावावा लागत नाही. त्याला लाइव्ह लिनक्स म्हणतात. एक आज्ञा दिली की संगणकात काय काय बसवले आहे त्याची नंबरांसकट यादी मिळते. मात्र संगणक बंद केला की ही लिनक्स सगळे विसरते. म्हणून यादी लगेच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची असते.

संस्थेचे संगणक शिक्षक हे काम माझ्याआधी करून बसले होते. त्यांनी १४ जुलैला दिवसभर खपून बारा याद्या काढल्या, समोरच्या पडद्यावरच ठेवल्या आणि पाच वाजता सगळे संगणक शिस्तीत बंद करून घरी गेले. सकाळी एकही यादी नव्हती. त्यावर त्यांनी "व्हायरसने खाल्ल्या" असे अकलेचे तारे तोडले. हे गृहस्थ नऊ वर्षे हाच विषय शिकवतात. मुलांची कीव येते.

त्यामुळे कागद उरला तो एकच. संगणक परत देताना दहा एप्रिलला काढली होती असे सांगून भावाने तक्रारीनंतर दिलेली यादी. तीत प्रत्येक संगणकाची रॅम आठ जीबी लिहिली होती. म्हणजे माल पूर्ण दिला, पुढचे परिचरांनी पाहावे. प्राचार्यांनी ती तपासायला १६ जुलैला मला बोलावले. परिचर दाराशी उभे होते. मला म्हणाले, "बाई, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही नीट बघा, एवढंच." त्यांना कोणी बसायला सांगितले नव्हते. मी खुर्ची दिली.

मी प्राचार्य व परिचर यांच्यासमक्ष बाराही संगणकांच्या नव्या याद्या काढल्या, माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या व तो पाकिटात घालून दोघांच्या सह्या घेतल्या. मग भावाची यादी वाचली. वर एकूण रॅम आठ, खाली एका खाचेत चार जीबीची पट्टी आणि दुसरी खाच रिकामी. वरचा आकडा बदलला, खालचा बदलायचा कंटाळा केला. चोरीतसुद्धा कामचुकारपणा.

अशा यादीत, ज्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला त्याचीही नोंद येते. अगदी शेवटी येते, आणि भावाला शेवटपर्यंत वाचायची सवय कधीच नव्हती. तिथला सिरीयल नंबर माझ्या ओळखीचा निघाला. वॉरंटीसाठी मी दुकानातल्या प्रत्येक पेन ड्राइव्हचा नंबर वहीत लिहिते. तो पेन ड्राइव्ह १८ जूनला आलेल्या खोक्यातला असून २० जूनला मी भावाला त्याच्या वाढदिवसाला दिला होता. दहा एप्रिलला तो त्याच्याकडे असणे शक्य नाही. यादी नंतर काढून तारीख मागची घातली आहे. वही व पाकीट हजर करीत आहे.

हे कानावर गेल्यावर काल दुपारी भाऊ दुकानात आला. म्हणाला, "ताई, ती पेन ड्राइव्हची ओळ तेवढी उडव ना. तिथपर्यंत वाचतंय कोण?"

मी म्हणाले, "मी वाचते."

"एका शिपायासाठी तू सख्ख्या भावाला अडकवणार?"

"रॅम कुठंय?"

तो म्हणाला, "विकली." लाज वगैरे काही नव्हती. मग म्हणाला, "आईला काय तोंड दाखवशील?" मला त्याची किळस आली. त्याला हे काम मीच शिकवले आहे, याचीही आली.

आईला मी आज सकाळी इकडे येण्याआधी सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि भावाबद्दल एक अक्षर विचारले नाही. त्या परिचरांच्या घरी कोण कोण असते, एवढेच विचारले. मला माहीत नव्हते. ती म्हणाली, "मग आधी ते विचारून ये."

माझा हा जबाब लेखनिकांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे, त्यात काही कमी-जास्त करायचे नाही. सही केली आहे.