बंदरावरची म्हस

साहेब, पुरावा तुमच्याच खुर्चीमागं टांगलाय, आणि तुम्ही त्या म्हाताऱ्याला चार वेळा पुराव्यासाठी परत पाठवलंत. वृद्ध कलाकारांच्या मानधनाच्या रांगेत मी त्या नवराबायकोच्या मागंच उभा होतो. आमचं काय बोलणं झालं ते ऐका.

"मावशी, कितवी खेप?"

"पाचवी. कागलास्नं येतोय. साहेब म्हणत्यात, चित्रकार असल्याचा पुरावा आणा."

"मग?"

"त्येंच्या मागं बंदराचं चित्र हाय न्हवं? ह्येंनीच काढलंय."

"सही दिसत न्हाय."

"फ्रेम करताना कापली की हितल्यांनी!"

"आजोबा, समुद्र बघितलाय का कधी?"

"न्हाय बा. क्यालेंडरावर बघून काढला. होड्या, जाळी, मासं निवडणाऱ्या बाया."

"आणि धक्क्यावर म्हस?"

"माणसं ऱ्हात्यात म्हटल्यावर दूध नको व्हय, पावणं?"

"आमचीच हाय ती. डावं शिंग मोडल्याली. दारात बांधून काढली ह्येंनी."

"चल गं. पाय भरून आल्यात. ऱ्हाऊ दे आता."

"का म्हणून? आज खिडकीपातुर आलोय. ओ सायेब! कागद ठेवा खाली, जरा मागं वळून बघा. आमचा माणूस सोडून बंदरावर म्हस कोण बांधतंय? सांगा की!"