मधली वीस पावलं

समारंभाच्या अध्यक्षा आणि दैनिकाच्या संपादिका सौदामिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आपले छायाचित्रकार सिद्धरामअप्पा, पार्वतम्मा वहिनी आणि लातूर-नांदेडच्या कचेऱ्यांतून आलेल्या मित्रांनो,

निवृत्त उपसंपादकाच्या हाती माईक देणं धोक्याचं. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द कापलेले असतात. स्वतःचे कापवत नाहीत.

अप्पांची लेन्स आपण सर्वांनी पाहिली आहे. भूकंपाच्या आठवड्यात किल्लारीकडच्या एका गावात ढिगाऱ्याशी बसलेल्या बाईचा फोटो काढायला अप्पा जवळ गेले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, इतक्या जवळून काय बघायलास?" अप्पा फोटो न काढता परतले आणि दिवाळीनंतर नांदेडहून स्वस्तातली सत्तर-तीनशेची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेऊन आले. पुढे आठवडी बाजार, देवणीचे वळू, शाळेचं झेंडावंदन, सगळं तिच्यातूनच. आम्ही तिला दुर्बीण म्हणायचो. पूर्ण लांबवली की चित्र मऊ यायचं, दिवस कलला की हललेलं. पण कुणाच्या अंगावर जावं लागत नसे. पुढारी तर तक्रार करायचे, तुमचा फोटोग्राफर आलाच नाही म्हणून!

लांबून टिपलं की पुढचं आणि मागचं चिकटल्यासारखं दिसतं. हे अप्पांना ठाऊक होतं. मलाही होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं.

दहा वर्षांपूर्वी आपण शिकवण्यांच्या गल्लीवर मालिका चालवली. अप्पांनी क्लास सुटतानाचा फोटो आणला. पुढे एक मुलगी, मागे एक मुलगा, दोघं आपापल्या सोबत्यांशी हसताहेत. मी कडा कापायला घेतल्या, तेव्हा अप्पा म्हणाले, "साहेब, ही दोघं सोबत न्हाईत. मधी वीस पावलं हायत. कडंची लेकरं काढली तर जोडी दिसंल."

पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. मी कापलं. 'शिकवणीच्या नावाखाली' हा मथळाही माझाच.

तिसऱ्या दिवशी देवणीकडून त्या मुलीचे वडील आले. फोटोत चेहरा मऊ होता, पण गावाला तिचं दप्तर ओळखू आलं होतं. त्यांनी अप्पांना विचारलं, दोघांच्या मधी जागा किती होती. अप्पांनी सांगितलं.

"मग ती फोटूत कुठं गेली?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पूर्ण फोटो आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "मला पटलं," म्हणाले, "माझ्या लेकीवर माझा भरोसा हायच. गावाला कोण पटवंल? खुलासा छापा."

मी हो म्हणालो. छापला नाही. छापला असता तर कात्री कुणाची, हेही छापावं लागलं असतं. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. ती तिनं दिली नाही.

कचेरीत झालेल्या चौकशीत मी लिहून दिलं, लेन्समुळे गैरसमज झाला. अप्पांनी खाली सही केली. का, असं विचारलं तर म्हणाले, "फोटू माझाच हाय की." त्यानंतर त्यांना जाहिरात विभागात बसवलं. क्लासच्या फलकांसाठी गुणवंतांचे चेहरे टिपण्यात त्यांची दहा वर्षं गेली. 'अप्पांच्या दुर्बिणीनं घात केला' हे वाक्य कचेरीत आजही हसत बोललं जातं. मीही हसलो आहे.

काल मी अप्पांना म्हणालो, आता तरी पूर्ण फोटो आणि खुलासा छापून आणू. ते म्हणाले, "तिला इचारल्याबिगर न्हाई." म्हणून तिचं नाव इथं घेत नाही. पण अप्पांचं नाव घेतो, अध्यक्षांसमोर घेतो. लेन्सचा दोष नव्हता, अप्पांचा नव्हता. मला सांगितलं गेलं होतं आणि मी कापलं.

आपण निमूट ऐकून घेतलंत, आभारी आहे. वेळ अधिक घेतला, एखाद्या मान्यवरांचा उल्लेख राहिला असेल, तर उदार मनानं सांभाळून घ्या. त्या फोटोची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची, तिच्या दारात मी अजून गेलेलो नाही.