कुमुदिनीबाईंचं दोन इंजिनांचं विमान

मंडळी, एक सांगा मला. जपून ठेवलेली वस्तू टिकते, की वापरलेली? — काकू म्हणतात, जपलेली! आजोबा म्हणतात, वापरलेली! अहो, भांडू नका, देवळात बसलोय. ऐका!

आज आख्यान विमानाचं. छे छे, पुष्पक नव्हे! पुष्पकाला मिस्त्री लागत नव्हता. हे आपलं चाळीस वर्षांचं, सहा माणसांचं, पेट्रोलवर धडधडणारं, दोन इंजिनांचं विमान. आणि ते घ्यायला निघालेला माणूस कोण? कॅप्टन विश्रामराव तळवलकर. वय साठ. खानदेशात एका छोट्या धावपट्टीवर त्यांची वैमानिक घडवायची शाळा. माणूस लाखातला! पण शाळेतलं विमान एका इंजिनाचं. मुलं अर्धं शिकायची, आणि पुढचं शिकायला परराज्यात जायची. शाळा रिकामी व्हायला लागली. शेवटी विश्रामरावांनी ठरवलं — साठवलेली सगळी पुंजी लावायची, पण दोन इंजिनांचं विमान आणायचं. जमलं तर शाळा राहील. फसलं तर शाळा गेली आणि म्हातारपणही गेलं!

तर कळलं काय? नाशिककडे कुमुदिनीबाई राजेशिर्के म्हणून आहेत, त्यांच्या दिवंगत यजमानांचं विमान विकायचंय. विश्रामराव निघाले. सोबत हुसेनभाई — तीस वर्षांचा त्यांचा मिस्त्री. आणि पिशवीत काय? नारळ! अहो, वस्तू पाहिली नाही, आणि नारळ घेऊन निघाले! हसू नका तबलजी, तुम्ही मुलगी बघायला गेलात तेव्हा खिशात अंगठी होती म्हणे!

विमान ठेवायच्या हँगरचं दार उघडलं — अहाहा! पांढरंशुभ्र विमान! धुळीचा कण नाही. नाकाला झेंडूचा हार. विश्रामराव विरघळलेच.

बाई म्हणाल्या, "अकरा वर्षं जिवापाड जपलंय हो! एकदासुद्धा उडवू दिलं नाही कुणाला. फक्त दसऱ्याला पूजा करते, आणि दोन्ही इंजिनं पाच मिनिटं सुरू करते. शकुनाला!"

विश्रामराव इसाराचं पाकीट काढायला लागले. हुसेनभाईंचा चेहरा मात्र पडला. हळूच म्हणाले, "साहेब, नारळ राहू द्या. आधी पोट उघडून बघू."

"अरे, एवढं सुंदर ठेवलंय!"

"रंग उडत नाही साहेब. इंजिन उडतं."

बाईंची परवानगी घेतली. दोन्ही इंजिनांचा एकेक सिलिंडर काढला, आत बॅटरी मारली. बघतात तर — आतल्या फिरत्या दांड्याला गंज! खड्डे पडलेले!

आता तुम्ही म्हणाल, दर वर्षी सुरू करत होत्या ना? अहो, तिथंच तर घात झाला! पाच मिनिटांत इंजिन नुसतं कोमट होतं. आत दमट घाम सुटतो. तो वाळायला तासभर आकाशात उडावं लागतं. ओली छत्री मिटून कपाटात ठेवावी, तसं झालं. एक नाही, अकरा दसरे!

आता बाईंना सांगायचं कसं? पण बाईंनी विश्रामरावांचा चेहरा वाचला. म्हणाल्या, "माझ्या हातून बिघडलं का हो?"

मंडळी, खोटं बोलणं किती सोपं होतं! पण विश्रामराव म्हणाले, "हो ताई. मायेपोटीच झालं. पण हो."

बाई पंखाच्या पायरीवर मटकन बसल्या. डोळे भरून आले. "हे जाताना म्हणाले होते — कुमुद, विमान उडवत ठेव. आणि मी वेडी, परक्याचा हात लागू नये म्हणून कुलूप लावून बसले!" मग पदरानं डोळे पुसले आणि ताडकन उठल्या. "दोन्ही इंजिनं नवी करायला जे लागेल, ते किमतीतून वजा करा. पण कॅप्टन, ह्याला रोज उडवायचं. शब्द द्या!"

दिला शब्द! हुसेनभाई आठ महिने राबले. इंजिनं उघडली, गंजलेलं बदललं, पुन्हा जोडलं. परवाने आले. आणि पहिलं उड्डाण झालं तेव्हा विश्रामरावांच्या शेजारी कोण? कुमुदिनीबाई! अकरा वर्षांत आकाशात गेल्या नव्हत्या हो त्या! वर गेल्यावर लहान पोरीसारख्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला. तासभर खाली उतरू देईनात! आज त्याच विमानावर मुलं शिकतात. शाळा भरलीय.

आता मला सांगा, बाईंचं प्रेम कमी होतं? मुळीच नाही! पण वर्षातून पाच मिनिटांचं होतं.

हसू नका. माझंच सांगतो. माझा थोरला भाऊ याच गावात, पाण्याच्या टाकीजवळ राहतो. नऊ वर्षांपूर्वी आमचं वाजलं. तरी मी दसऱ्याला जातो हां! आपट्याचं पान देतो, वहिनी चहा टाकते म्हणेपर्यंत उठतो. लोक म्हणतात, बुवांनी नातं जपलंय. — काय जपलंय, कपाळ!

उद्या सकाळी मी त्याच्याकडे जातोय. जेवणार, भांडणार, दुपारी तिथंच आडवा होणार. आता तुम्ही बोला. तुमचं असं पाच मिनिटांचं माणूस कोण आहे? मला नका सांगू. मनात नाव घ्या, आणि मग टाळी वाजवा — विठ्ठल, विठ्ठल!