डावा पाय

(१९३६. आमगावकडच्या एका गावात मालगुजाराचं घर. ईश्वरदास मालगुजार खाटेवर, सुजलेला डावा पाय उशांवर. पायाशी त्यांची बायको धनवंताबाई, हातात कोमट तेलाची वाटी. दाराबाहेर गडी दुधराम.)

ईश्वरदास : ती वाटी खाली ठेव म्हणतो ना मी!

धनवंताबाई : काऊन जी? पाय दाबाले बसली.

ईश्वरदास : आज नको.

धनवंताबाई : लग्न झालं तवापासून एक सांज चुकली नाही. माझी माय मेली त्या दिवशीबी आधी तुमचे पाय दाबले, मंग रडली. आजच काऊन नको?

ईश्वरदास : डॉक्टरनं मना केलं. दुपारी रेल्वेचा बंगाली डॉक्टर आला होता तो. तुला का समजते त्यातलं!

धनवंताबाई : समजलं ना. दाराआड होती मी. मुदतीच्या तापात तुमी पडून राहिले, अन् पडल्या पडल्या पायाच्या नसेत रक्त दह्यावानी धरलं. खरं ना?

ईश्वरदास : खरं.

धनवंताबाई : तो म्हने, रक्ताचा तो गुणच आहे. विळा लागला तर रक्त थिजते, म्हनून मानूस वाचते. तुमच्या रक्तानं जखम नसतानाच बंदोबस्त करून टाकला. तुमच्यावर गेलं जी. गुन्हा नाही तिथं शिक्षा.

ईश्वरदास : मग पुढचंही ऐकलं असशील. तीच गुठळी अंग स्वतःच विरवून टाकते.

धनवंताबाई : आयकलं. कडेकडेनं थोडी थोडी खात जाते म्हने. पण तवरक पाय हलवाचा नाही, दाबाचा तर नाहीच. दाबला तर गुठळी सुटते. सुटली तर कुठी जाते म्हनत होता?

ईश्वरदास : छातीत.

धनवंताबाई : हो, छातीत. मंग पिंढरीपासून सुरू करू का तळव्यापासून?

ईश्वरदास : पागल झाली का? हात काढ! दुध्या! ए दुध्या!

दुधराम : जी मालक.

धनवंताबाई : दुधराम, मी मालकाचे पाय दाबून राहिली. आत येतोस का?

दुधराम : नाही जी. मालकीणबाई पाय दाबतात तवा आत याले मालकानंच मना केलं.

ईश्वरदास : का पाहिजे तुला? सरळ सांग!

धनवंताबाई : शामकला.

ईश्वरदास : तिचं नाव नको काढू. तिचं घर तिथं आहे, नवऱ्याजवळ.

धनवंताबाई : पाठीवर चाबकाचे वळ घेऊन आली होती लेक. आंगनातबी पाय ठेवू दिला नाही तुमी. पाहुणे बसले होते म्हने, इज्जतीचा सवाल होता. त्याच गाडीत बसवून परत धाडली. मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं. याच पायावर. तुमी पाय ओढून घेतला. आता ओढा.

ईश्वरदास : ओढता येत नाही.

धनवंताबाई : दिसते ना जी.

ईश्वरदास : देख, शामकलाची माय, मी मेलो तर तुझंच कुंकू जाईल.

धनवंताबाई : जाईल. पाच गावची लोकं येतील, रडतील. म्हनतील, बाईनं आखरीच्या सांजेपर्यंत सेवा केली.

ईश्वरदास : बोट! बोट लागलं तुझं!

धनवंताबाई : अंगठा होय तो. अजून नुसता ठेवला आहे.

ईश्वरदास : दुध्या! गाडी जुंप! शामकलाला घेऊन ये!

धनवंताबाई : जरा मोठ्यानं. कायले आणाची ते बी सांगा.

ईश्वरदास : इथं राहाले! माझ्या घरात, जन्मभर! सासरचा कोणी आला तर फाटकातूनच हाकलून दे त्याला!

दुधराम : पण मालक, बाई तर...

धनवंताबाई : दुधराम, मालक बोलून राहिले, मधात बोलू नोको. आयकलं ना सारं?

दुधराम : आयकलं जी. ओसरीवर पाटील अन् कोतवाल बसून आहेत, त्यांनीबी आयकलं.

ईश्वरदास : झालं समाधान? आता तरी हात काढ.

धनवंताबाई : काढला.

ईश्वरदास : गाडी निघाल्याचा आवाज नाही आला.

धनवंताबाई : कसा येईल? गाडी कधीचीच जाऊन आली. तुमी तापात बरळत होते तवा.

ईश्वरदास : म्हणजे?

धनवंताबाई : शामकला रांधनीत आहे. तुमची पेज तीच रांधून राहिली. आज सकाळी म्हनले ना तुमी, आता कुठं मीठ बरोबर पडलं म्हनून.

ईश्वरदास : ती घरातच होती, तर मग मला कायले भेवाडलं?

धनवंताबाई : पाय बरा होईल तुमचा. उठाल. उठल्यावर पहिलं काम का केलं असतं तुमी, मले ठावं आहे. आता पाटलासमोर बोलून बसले.

ईश्वरदास : आणि मी नाही म्हणालो असतो तर?

धनवंताबाई : शामकला, बाबाले पेज आण व.